निवड तिची की सरकारची? 1938 च्या ठरावापासून आजच्या दरपत्रकापर्यंत

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत एक अशासकीय ठराव मांडला गेला. मांडणारे होते स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम. भाषण मात्र बाबासाहेबांनी तयार केलेले होते. त्या दिवशी ते सभागृहात नसल्यामुळे रोहम यांनी ते सादर केले. सरकारकडे मागण्या दोनच होत्या. जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करा, आणि ते पाळण्यासाठी लागणाऱ्या पुरेशा सोयी उपलब्ध करून द्या. मतदान झाले. बाजूने 11, विरोधात 52. ठराव पडला. तेव्हा प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते.

दरवर्षी 14 एप्रिलच्या बॅनरवर एक ओळ हमखास असते: कुटुंब नियोजनाचा विचार सर्वप्रथम मांडणारे महामानव. ही ओळ अर्धीच खरी आहे, असे आमचे म्हणणे आहे. बाबासाहेबांच्या आधीही या देशात संततिनियमनावर बोलणारे होते, आणि पुढे सरकारने ज्याला कुटुंब नियोजन म्हटले ते बाबासाहेबांनी मागितलेच नव्हते. हा फरक नीट समजला नाही तर आजच्या वस्तीतल्या बाईच्या वाट्याला आलेली परिस्थितीही समजणार नाही. म्हणून थोडा इतिहास.

त्या भाषणात दारिद्र्याचा मुद्दा आहे, बेकारीचा आहे, वाढत्या लोकसंख्येचाही आहे. त्या काळातल्या कुठल्याही सुशिक्षित माणसाच्या भाषणात ते सापडले असते. पण भाषणाचा कणा वेगळा आहे. वारंवारच्या बाळंतपणाने बाईचे शरीर कसे खचते, किती बायका त्यात मरतात, हे बाबासाहेब सभागृहाला सांगतात. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असेही सुनावतात. आणि मग येतो खरा मुद्दा: एखाद्या बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य झाले पाहिजे, मूल जन्माला घालायचे की नाही हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असले पाहिजे.

"कोणत्याही कारणाने" हे शब्द पुन्हा वाचा. नवऱ्याची परवानगी, आधी झालेली मुले, जात, उत्पन्न, यातली एकही अट तिथे नाही. 1938 साली! हिंदू कोड बिल अजून दहा-बारा वर्षे दूर होते. घटस्फोटाचा हक्क अनेक हिंदू बायकांना नव्हता. आणि एका पक्षाचा आमदार विधिमंडळात उभा राहून सांगत होता की गर्भ राहू द्यायचा की नाही हे बाई ठरवेल.

इथे एक जुनाट प्रश्न हमखास येतो. बाबासाहेब हे रामजी सुभेदारांचे चौदावे अपत्य; भीमाईने संततिनियमन केले असते तर बाबासाहेब जन्मलेच नसते, मग? सोशल मीडियावर हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण फार मोठा पेच टाकला असे वाटते. त्या चौदांपैकी मोजकीच मुले जगली आणि बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे असताना भीमाई गेल्या, हे तो सांगत नाही. रमाईची चार मुले गेली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. ज्या माणसाने आईचे जाणे आणि स्वतःच्या लेकरांचे जाणे पाहिले, त्याने 1938 साली ते भाषण लिहिले. पेच असलाच तर तो प्रश्न विचारणाऱ्याच्या पुढे आहे.

त्या काळी या विषयावर आणखी कोण काय बोलत होते? र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कामापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि 1953 मध्ये मरेपर्यंत तोट्यात चालवले. पुण्या-मुंबईच्या सभ्य समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखेच केले. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. एका ब्राह्मण प्राध्यापकासाठी, तेही असल्या "बदनाम" विषयात, अस्पृश्यांच्या नेत्याने उभे राहण्यात राजकीय फायदा काडीचाही नव्हता. तरीही ते उभे राहिले, कारण वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा असूच शकत नाही असे त्यांचे मत होते.

पण संततिनियमनाचे सगळेच समर्थक कर्व्यांसारखे नव्हते. ना. सी. फडक्यांनी 1927 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून सुप्रजननाच्या चळवळीची बाजू मांडली. सुप्रजनन म्हणजे काय? "चांगल्या" बीजाची वाढ व्हावी, "हलक्या" बीजाची होऊ नये. या देशात चांगले बीज कोणाचे आणि हलके कोणाचे हे मनूने आधीच ठरवून ठेवले आहे, नव्याने शोधायला नको. दुसऱ्या टोकाला गांधीजी. डिसेंबर 1935 मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्यात भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधनांना नकार दिला. उपाय सांगितला तो संयमाचा, ब्रह्मचर्याचा. आता ज्या घरात नवरा दारू पिऊन रात्री येतो त्या घरात बाईने ब्रह्मचर्य कसे पाळायचे?

तिसरा सूर दक्षिणेतून आला. पेरियार म्हणाले की इतर लोक बाईच्या आरोग्यासाठी, देशाच्या दारिद्र्यासाठी संततिनियमन मागतात. आम्ही ते बाईच्या स्वातंत्र्यासाठी मागतो. बाबासाहेबांचे 1938 चे भाषण आणि पेरियारांची भूमिका शेजारी ठेवून वाचावी. आपला वारसा हा आहे. फडक्यांचा नाही, गांधींचाही नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले: लग्नाची घाई करू नका, आणि लग्न केले तर जास्त मुले होऊ देणे हा गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. विधिमंडळात जी सोय सरकारने नाकारली, तिचा प्रचार त्यांनी थेट बायकांमध्ये नेला. त्याच परिषदेत घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाच्या बंदीचाही ठराव झाला. म्हणजे मुलांची संख्या हा सुटा विषय नव्हता, तो बाईच्या एकूण हक्कांच्या यादीतला एक विषय होता.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने 1952 मध्ये कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. जगातला पहिला सरकारी कार्यक्रम म्हणून त्याचे कौतुक होते. पण 1938 च्या ठरावातला "तिची इच्छा" हा भाग त्यातून हळूहळू गळून पडला आणि आकडा उरला. 1965 मध्ये 'लूप' आला. लाखो बायकांना तो बसवला. बसवल्यावर रक्तस्राव झाला तर तपासायला कोणी नव्हते, काढून द्यायलाही नव्हते, कारण बसवण्याचे टार्गेट होते, काढण्याचे नव्हते. बायका घाबरल्या, बातमी गावोगाव पसरली, आणि लूप बदनाम झाला. आजही आपल्या वस्त्यांत कॉपर-टीविषयी जी भीती आहे तिची मुळे तिथवर जातात. ती भीती "अडाणीपणा" म्हणून हसण्यावारी नेणारे कार्यकर्ते आमच्यातही आहेत. त्यांनी हा इतिहास वाचावा.

मग आणीबाणी. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना "केसेस" आणायला लावल्या, नाही आणल्या तर पगार अडवला. मग ते केस कुठून आणणार? वाड्यावरून नाही. महारवाड्यातून, मांगवाड्यातून, मुस्लिम मोहल्ल्यातून, बसस्टँडवरून. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी 1976 मध्ये रस्त्याने जाणारी माणसे पकडून नसबंदी केल्याची नोंद आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तिसऱ्या मुलानंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. देशातले असे पहिले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. ज्या मुंबई विधिमंडळाने 1938 मध्ये ऐच्छिक संततिनियमनाच्या सोयींना 52 मतांनी नकार दिला, त्याच्याच वारस विधिमंडळाने 38 वर्षांनी सक्तीला होकार दिला. दोन्ही वेळा बाईला विचारले नाही.

1977 मध्ये सरकार पडले. राजकारण्यांनी त्यातून जो धडा घेतला तो मोठा चमत्कारिक होता. सक्ती करू नये असा नाही, तर पुरुषांना हात लावू नये असा. पुरुषांची नसबंदी कोसळली आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्के स्त्री-नसबंदीवर आहेत, पुरुष-नसबंदी 0.3 टक्के. महाराष्ट्रात स्त्री-नसबंदी निम्म्याच्या घरात जाते. ऑपरेशनच्या वेळी वय साधारण पंचवीस-सव्वीस. लग्न, लगोलग दोन मुले, ऑपरेशन. मधल्या काळात गोळी, तांबी, इंजेक्शन यातले काहीच अनेकींनी वापरलेले नसते. याला निवड म्हणायचे का?

आता दरपत्रक पाहा. 2007 मध्ये ठरलेल्या केंद्राच्या दरांनुसार महाराष्ट्रासारख्या राज्यांत नसबंदी करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेवरील स्त्रीला बुडालेल्या मजुरीपोटी 250 रुपये. दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या स्त्रीला 600 रुपये. म्हणतील, ही मदत आहे. असेलही. गरीब बाईची मजुरी बुडू नये हे योग्यच. पण मग वरच्या वर्गातल्या बाईची बुडालेली मजुरी जास्त असायला हवी की कमी? शिष्यवृत्ती महिनोन् महिने रखडते, त्याच सरकारला आपल्या बाईच्या गर्भनलिका बंद करण्यासाठी जादा पैसे सुचतात, याचा विचार व्हायला नको का?

आणि हे ऑपरेशन कुठे होते? 7 जानेवारी 2012 रोजी बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत एका डॉक्टरने दोन तासांत 53 बायकांची नसबंदी केली. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका दिवसात 83 बायकांचे ऑपरेशन झाले. त्या शिबिरांनंतर 13 बायका मेल्या. दलित, आदिवासी, ओबीसी बायका. मेलेल्यांत बैगा आदिवासी बाईही होती, आणि गंमत पाहा, बैगांसारख्या जमातींची नसबंदी करू नये असा मध्य प्रदेश सरकारचा 1979 पासूनचा आदेश होता. म्हणजे मागितली तर मिळणार नाही आणि न मागता होईल. देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 सप्टेंबर 2016 रोजी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

बीडचेही सांगायला हवे, जरी गर्भाशय काढणे हे संततिनियमन नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी शासनाच्या समितीने 2019 मध्ये केली. सुमारे 82 हजार बायकांपैकी साडेतेरा हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. शरीराविषयीचा निर्णय ऊसाच्या फडाने घेतला, बाईने नाही.

तिसरीकडे कायदा. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हरियाणाच्या अशाच कायद्याला वैध ठरवले. राखीव जागेवर उभी राहू पाहणारी बाई, जिला मूल किती हे ठरवायचा अधिकार घरात कधी नव्हता, ती अपात्र. मुलगा हवा म्हणून तिसऱ्यांदा आग्रह धरणारी सासू मात्र निवडणुकीला पात्र.

एवढे सगळे वाचल्यावर काही तरुण मित्र म्हणतात: मग हे सगळे साधनच नको, उलट आपली संख्या वाढली पाहिजे. हल्ली इतर समाजांतले धर्मगुरूही "जास्त मुले जन्माला घाला" म्हणतात, तीच भाषा आपल्याकडे बोलली जाते. आम्ही याच्या पूर्ण विरोधात आहोत. संख्या वाढवा म्हणणारा आणि संख्या घटवा म्हणणारा, दोघेही बाईकडे यंत्र म्हणून पाहतात. सक्तीच्या नसबंदीला आपला विरोध आहे तो नसबंदीला नाही, सक्तीला आहे. साधने टाकून द्यायची नाहीत, ती तिच्या हातात आणायची आहेत.

त्यासाठी साधनांची माहिती कार्यकर्त्याला हवी, आणि "सगळ्यात चांगले कोणते" हा प्रश्न सोडून द्यायला हवा. कोणाला, कोणत्या वेळी, हा प्रश्न आहे. नुकते लग्न झालेल्या, शिकणाऱ्या मुलीला गोळी किंवा निरोध सोयीचा. पण माला-एनसारखी गोळी रोज घ्यावी लागते, चुकली की धोका. रक्तदाब जास्त असेल, तंबाखू-बिडीत वय पस्तिशीच्या पुढे गेले असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आत अंगावर पीत असेल तर ही गोळी नको. तांबी पाच किंवा दहा वर्षे चालते, संप्रेरके नाहीत, काढली की पुन्हा मूल होऊ शकते. मात्र पाळीत आधीच खूप रक्त जाणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला ती त्रासाची होऊ शकते. 'छाया' ही लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली संप्रेरकविरहित गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजणाऱ्या आईलाही चालते. 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन. घरात गोळ्यांचे पाकीट लपवावे लागणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार वाटतो हे आम्ही वस्तीत ऐकले आहे. पण पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हे सुई टोचण्याआधी सांगायला हवे. इंजेक्शनाविषयी महिला संघटनांचा संशय निराधार नाही. 1985 मध्ये आंध्रातल्या पटनचेरूत नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीची पूर्ण माहिती बायकांना दिली गेली नव्हती, आणि ते प्रकरण 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. आमचे मत: इंजेक्शन असू द्या, पण बसवून, समजावून, नाही म्हणायची मोकळीक ठेवून.

विदर्भातल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट ठळक. सिकलसेल आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला रक्त गोठण्याचा धोका असतो, त्यामुळे इस्ट्रोजेन असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नये. तांबीने रक्तस्राव वाढला तर आधीच कमी असलेले रक्त आणखी उतरते. कार्ड दाखवा, मग साधन ठरवा. मैदानातल्या शिबिरात हे विचारायला कोणाला वेळ असतो?

लैंगिक आजार आणि एचआयव्ही रोखणारे साधन एकच, निरोध. आणि साधन फसले तर? गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे, पण साधन फसल्याचे कारण त्यात विवाहित बाईपुरते होते. 2021 च्या दुरुस्तीने "नवरा" जाऊन "जोडीदार" हा शब्द आला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींचा हक्क स्पष्ट केला. नसबंदीसाठी नवऱ्याची सही सरकारच्याच मानकांप्रमाणे आवश्यक नाही, तरी ती मागितली जाते.

आता पुरुषांकडे. बिनटाक्याची पुरुष-नसबंदी काही मिनिटांची असते, पोट उघडावे लागत नाही, ताकद जात नाही, समागमात फरक पडत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून नंतर वीर्य तपासून घ्यायचे. स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा धोका कमी, सरकारी भरपाई जास्त. तरी टक्का 0.3. जलसा, मोर्चा, भूमिपूजन यांत पुढे असणारे आमचे किती भाऊ या बाबतीत बायकोला पुढे करतात, ते प्रत्येक शाखेने आपल्या बैठकीत हात वर करून मोजावे.

सुरुवात म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. गेल्या तीन वर्षांत स्त्री-नसबंदी किती, पुरुष-नसबंदी किती? नसबंदी केलेल्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या बायका किती? अंतरा, छाया, तांबी, गोळ्या यांचा साठा कोणत्या महिन्यात संपलेला होता? तांबी बसवल्या किती आणि मागणीवरून काढून दिल्या किती? संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले जाते का, आणि कोण वाचून दाखवते? उत्तरे आली की आशाताईंना सोबत घेऊन वस्तीत बायकांची बैठक लावावी आणि पुरुषांनी बाहेर थांबावे.

जयभीम.